पकडलेल्या बिबट्याचं करायचं काय?

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडचे जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके मिळून वनखात्याचा जुन्नर विभाग होतो. पश्चिमेला माळशेज-भीमाशंकरचे डोंगर, पूर्वेला सपाटी. कुकडी प्रकल्पाची धरणं होण्याआधी या सपाटीवर बाजरी आणि कडधान्यं पिकायची. ज्याच्या विहिरीला पाणी, त्याचा कांदा-बटाटा व्हायचा. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही धरणं एकामागून एक भरू लागली, कालवे फिरले आणि शिवाराचा रंगच पालटला. जुन्नरला विघ्नहर, आंबेगावला भीमाशंकर, शिरूरला घोडगंगा असे साखर कारखाने उभे राहिले. हमखास उचल होणारं पीक म्हणून ज्याच्या रानात पाणी आलं, त्याने ऊस लावला.

हा ऊस बिबट्याच्याही पथ्यावर पडला. लागण केलेला ऊस बारा ते अठरा महिने उभा राहतो. तो डोक्यावर गेला की तोडणीपर्यंत आत माणूस फिरकत नाही. आत गारवा, पाटाला पाणी, बांधापलीकडे वस्ती, आणि वस्तीवर कुत्री, शेळ्या, वासरं, कोंबड्या. भेकरामागे रात्रभर डोंगर तुडवण्याची गरजच उरली नाही. माद्या उसातच विऊ लागल्या. पिल्लं दीड-दोन वर्षांची होऊन आईपासून सुटली की शेजारचा फड धरू लागली. अशा काही पिढ्या गेल्यावर, ज्यांनी जंगल कधी पाहिलंच नाही असे बिबटे या चार तालुक्यांत नांदू लागले. त्यांचं अस्तित्व गावांना ठाऊक होतं. शेळी गेली की पंचनामा व्हायचा, जमेल तेव्हा भरपाई मिळायची, आणि दोघांचंही चाललं होतं.

२००१ साली ही घडी विस्कटली. माणसांवरचे हल्ले वाढू लागले, त्यांत लहान मुलंही सापडली. पुढची दोन-तीन वर्षं जुन्नरच्या गावांनी दहशतीत काढली. पोरं शाळेत एकटी जाईनात, बाया शेतात भांगलायला टोळीनेच जाऊ लागल्या, रात्री मोटार चालू करायला शेतकरी हातात काठी आणि बॅटरी घेऊन निघू लागला. शेतीपंपाची वीज बऱ्याचदा रात्रीची असल्याने त्याला घरी बसूनही भागत नव्हतं. वनखात्याच्या कचेरीवर मोर्चे आले, रस्ते अडवले गेले, आणि सगळ्यांची मागणी एकच होती: पिंजरा लावा.

वनखात्याने पिंजरे लावले. आत शेळी किंवा कुत्रं बांधायचं, दार पडलं की बिबट्या गाडीत घालायचा आणि चाळीसेक किलोमीटरवरच्या एखाद्या जंगलात नेऊन सोडायचा, अशी पद्धत होती. या काळात जुन्नर परिसरात शंभराच्या आसपास बिबटे पकडले गेले. गावाला बिबट्या गेल्याचं समाधान, खात्याला काही केल्याचं. बिबट्या जंगलातला प्राणी, तो जंगलात गेला, म्हणजे प्रश्न सुटला, असा सगळ्यांचाच समज होता.

हल्ले मात्र थांबेनात. बिबट्यांची ही हलवाहलव मोठ्या प्रमाणावर सुरू होण्याआधी या भागात वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे. २००१ ते २००३ या काळात ही सरासरी १७ वर गेली. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे आकडे मांडून २०११ साली एका आंतरराष्ट्रीय संशोधन नियतकालिकात जो निष्कर्ष छापला, तो खात्याला आणि गावांना सारखाच पचायला जड होता. पकडून दुसरीकडे सोडण्याच्या उपायानेच दुखणं वाढवलं होतं.

या निष्कर्षामागे तांदळाच्या दाण्याएवढी एक वस्तू होती. पकडलेल्या बिबट्याच्या कातडीखाली एक मायक्रोचिप टोचायची आणि मग सोडायचा, असं या अभ्यासकांनी सुरू केलं. पशुवैद्य डॉ. अनिरुद्ध बेलसरे त्यांच्यासोबत होते. चिपमध्ये फक्त एक क्रमांक असतो. बिबट्या पुन्हा कुठे सापडला तर त्यावरून यंत्र फिरवलं की तो कोण, कुठून आला, हे कळतं. त्याआधी प्रत्येक बिबट्या सारखाच दिसायचा आणि सोडलेल्याचं पुढे काय झालं, हे सांगायला कोणीच नसे. चिप आल्यावर एकेका जनावराचा माग लागू लागला. जिथे पूर्वी माणसांवर हल्ल्यांची नोंद नव्हती, अशा सोडण्याच्या जागांच्या आसपासही हल्ले झालेले दिसले.

त्यामागची कारणं समजून घेण्यासारखी आहेत. बिबट्या आपल्या हद्दीत वाढतो. कोणत्या वाटेने रात्री माणसं जातात, कोणत्या वस्तीवर कुत्री मोकळी असतात, दिवसा कुठे दडायचं, हे त्याला पाठ असतं. या माहितीच्या जोरावरच तो माणसाच्या इतक्या जवळ राहूनही माणसाला चुकवतो. त्याला अनोळखी जंगलात सोडलं की ही माहिती शून्यावर येते. तिथे आधीचे बिबटे असतात, ते त्याला टिकू देत नाहीत. पिंजऱ्यात धडपडताना दात मोडलेले असतात, माणसांची गर्दी आणि गोंगाट अंगावर घेतलेला असतो. तो घराची दिशा धरून निघतो आणि वाटेत लागणाऱ्या प्रत्येक गावात परका असतो. इकडे त्याची मोकळी झालेली जागाही रिकामी राहत नाही. एखादा कोवळा नर किंवा नवखी मादी ती धरते, आणि जुना जाणता शेजारी जाऊन नवा, अडाणी शेजारी येतो.

हे उमगल्यावर वनखात्यापुढे उभा राहिला तो प्रश्न पूर्वी कोणाला पडलाच नव्हता. गावं पिंजरा लावायला भाग पाडणार, बिबटे सापडत राहणार, आणि त्यांना लांब नेऊन सोडायचं तर पुढच्या गावाच्या माथी संकट मारायचं. मग पकडलेल्या बिबट्याचं करायचं काय? अधांतरी लोंबकळणाऱ्या या जनावरांसाठी माणिकडोह धरणाजवळ बिबट निवारा केंद्र उभं राहिलं. सुरुवातीला ती पकडलेले प्राणी ठेवण्याची सोय होती. पुढे त्या सोयीला दवाखाना, आवारं आणि रोजचा शिस्तीचा दिनक्रम लाभला, आणि आज महाराष्ट्रात बिबट्याचं काहीही झालं की पहिला फोन जिथे जातो, अशा मोजक्या ठिकाणांत त्याची गणना होते.

जुन्नरला हे घडण्याच्या आधीपासून आफ्रिकेत हाच पेच गोरिलांच्या बाबतीत सोडवण्याचा प्रयत्न चालू होता. मध्य आफ्रिकेत जंगली मांसासाठी गोरिलाच्या माद्या मारल्या जातात. आईला बिलगलेलं पिल्लू मांसाला पुरत नाही, म्हणून ते विकायला काढतात किंवा दोरीला बांधून ठेवतात. अशी जप्त केलेली पिल्लं ठेवायची कुठे? काँगोच्या ब्राझाव्हिल शहरात इंग्लंडच्या जॉन अॅस्पिनॉल यांच्या संस्थेने १९८७ साली गोरिलांचं अनाथालय काढलं. कॅमेरूनमधल्या लिंबे इथलं जुनं, मोडकळीला आलेलं प्राणिसंग्रहालय १९९३ मध्ये सरकार आणि पँड्रिलस ही संस्था यांनी मिळून निवारा केंद्रात बदललं. अशा ठिकाणी युरोप-अमेरिकेच्या प्राणिसंग्रहालयांतले अनुभवी रखवालदार महिनोन्‌महिने येऊन राहत. रात्री पिल्लाला छातीशी धरून कसं झोपवायचं, कुंपण किती उंच घ्यायचं, आजारी जनावर कळपापासून कधी वेगळं काढायचं, हे ते स्थानिक तरुणांना शिकवत. पाहुणे परत जात आणि केंद्र गावातल्या माणसांच्या हाती राही. १९९७ साली ब्राझाव्हिलमध्ये यादवी पेटली तेव्हा गोरिलांना तिथून पॉइंट-न्वार या किनाऱ्यावरच्या शहरात हलवावं लागलं. इतकं सगळं निभावण्यासाठी तिथली स्वतःची माणसं तयार झालेली असावी लागतात.

माणिकडोहलाही बाहेरून मदत आली. १९९५ साली कार्तिक सत्यनारायण आणि गीता शेषमणी यांनी स्थापन केलेल्या वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेने दरवेश्यांकडच्या नाचणाऱ्या अस्वलांना सोडवून त्यांच्यासाठी आग्र्याला निवारा उभारला होता. नाकात वेसण घातलेली, दात काढलेली, माणसाशिवाय जगणं विसरलेली ती अस्वलं जंगलात परत जाणं शक्य नव्हतं. त्यांना उरलेलं आयुष्य जरा बऱ्या रीतीने घालवता यावं, एवढंच त्या केंद्राचं काम होतं. २००९ च्या अखेरीला देशातलं शेवटचं नाचणारं अस्वल या संस्थेच्या ताब्यात आलं. परत न जाऊ शकणाऱ्या प्राण्याला वर्षानुवर्षं कसं सांभाळायचं, याचा अनुभव गाठीशी असलेली ही संस्था वनखात्याच्या बरोबरीने माणिकडोहचं काम पाहू लागली. तिचे पशुवैद्य डॉ. अजय देशमुख यांनी तिथे अनेक वर्षं काढली. विहिरीत पडलेला, तारेत अडकलेला, गाडीखाली सापडलेला बिबट्या म्हणजे त्यांचा रुग्ण. जमीन आणि जबाबदारी वनखात्याची, वैद्यकीय ज्ञान बाहेरून आलेल्यांचं, आणि रोजचं खाणं-पिणं, झाडलोट, पहारा आसपासच्या गावांतल्या पोरांचा, अशी वाटणी होत गेली.

बिबट्या आत आला की पहिलं काम त्याला भूल देऊन तोंड उघडून पाहण्याचं. लोखंडी पिंजऱ्याचे गज चावून चावून त्याने सुळे मोडलेले असतात. दाराला कपाळ घासून कातडं निघालेलं असतं, नखं उखडलेली असतात. सुळा मुळापासून गेला असेल तर शिकारीला गळ्याला धरून लोळवणं त्याला पुढे जमणार नाही, आणि ज्याला शिकार जमत नाही तो सोपं सावज शोधणार. म्हणून दातांची नोंद हा त्याच्या सुटकेच्या निर्णयातला मोठा मुद्दा ठरतो. दुसरा मुद्दा पायांचा. रानडुकरासाठी लावलेल्या फासात किंवा सापळ्यात पंजा अडकून सडलेला असला की तो काढावा लागतो. तीन पायांचा बिबट्या आवारात मजेत चालतो, झाडाच्या बुंध्यावरही चढतो, पण जंगलात तो जगणार नाही.

जे थांबतात त्यांच्यासाठी रात्रीची बंद खोली आणि दिवसाचं मोकळं आवार असतं. आवारात चढायला लाकडी मचाण, नखं घासायला ओंडके, सावलीला झाडं. औषध द्यायचं किंवा जखम पाहायची असेल तर दोन्ही बाजूंच्या भिंती आत सरकणारा पिंजरा वापरतात. त्यात बिबट्या जागच्या जागी आवळला जातो आणि प्रत्येक वेळी भूल द्यावी लागत नाही. प्रजनन होऊ दिलं जात नाही, कारण इथे जन्मलेल्या पिल्लाला बाहेर जागा नाही आणि आतल्यांनाच ती पुरत नाही. तिसांहून अधिक बिबटे एका वेळी इथे राहिले आहेत. सांभाळलेला बिबट्या सहज पंधरा-वीस वर्षं जगतो. आज तीन वर्षांचा नर आत आला तर पुढची बारा ते सतरा वर्षं त्याचं मांस, औषध आणि माणूसबळ यांची तरतूद करायची असते. गावातून पिंजऱ्याची मागणी करताना हा हिशेब कोणी मांडत नाही, आणि मांडावा अशी अपेक्षाही नाही. पण खात्याला तो मांडावाच लागतो.

या केंद्राची सगळ्यात मोलाची कामगिरी मात्र त्याच्या कुंपणाबाहेरची आहे, आणि तिचा लातूर-नांदेडशी थेट संबंध आहे.

दसरा-दिवाळीच्या मागेपुढे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. सर्वांत जास्त बीडच्या, पण लातूरच्या अहमदपूर-जळकोट आणि नांदेडच्या कंधार-लोहा-मुखेड पट्ट्यातूनही कुटुंबंच्या कुटुंबं मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांवर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. फडाच्या कडेला किंवा कारखान्याच्या तळावर पाचटाची कोपी घालायची, पहाटे अंधारात उठून भाकरी टाकायची आणि दिवस उजाडायच्या आत फडात उतरायचं. तान्ह्या पोराला बांधावर लुगड्याच्या झोळीत घालून आई कोयता चालवते. बिबट्याच्या शेजाराची जोखीम सर्वांत जास्त घेणारी माणसं हीच. यांची घरं दाराविना असतात, पोरं उघड्यावर झोपतात, आणि ज्या गावात ही राहतात तिथल्या मतदारयादीत त्यांची नावं नसतात, म्हणून पंचायतीत त्यांच्यासाठी कोणी भांडत नाही.

तोडणी फडाच्या एका कडेने सरकत जाते तसतशी मादीची लपायची जागा आक्रसत जाते. ती बहुतेक वेळा आवाज ऐकून आधीच बाजूला होते. पिल्लं हलवणं तिला तेवढं पटकन जमत नाही. मग उरलेल्या दोन-चार सऱ्यांत, पाचटाखाली, डोळे नुकते उघडलेली दोन-तीन पिल्लं टोळीला सापडतात. पूर्वी याचा शेवट ठरलेला होता. कोणी ती मांजरीची समजून कोपीवर न्यायचं, कोणी मारायचं, आणि खात्याच्या हाती आली तरी ती कायमची पिंजऱ्यात जायची. आई रात्री परत यायची, पिल्लं नसलेला मोकळा फड हुंगायची आणि चवताळून वस्तीभोवती घिरट्या घालायची. पिल्लं गेल्यानंतरच्या रात्री त्या शिवारात सगळ्यांत धोक्याच्या असतात, हे तोडकऱ्यांनी अनुभवाने ओळखलं होतं.

माणिकडोहच्या मंडळींनी आणि वनखात्याने मिळून यावर एक साधा उपाय रुळवला. पिल्लं सापडली की फडातलं काम तेवढ्यापुरतं थांबवायचं आणि वनरक्षकाला कळवायचं. पशुवैद्य येतो, पिल्लांचं वजन करतो, नर-मादी पाहतो, गोचिड काढतो, पाणी कमी पडलं असेल तर देतो आणि जमलं तर चिप टोचतो. मग सूर्य मावळायच्या आत, जिथे पिल्लं सापडली नेमक्या त्याच जागी, फळं-भाज्या वाहायच्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ती झाकून ठेवतात. कोल्हं-कुत्रं उचलून नेणार नाही पण मादीला पंजाने सहज उलथता येईल, एवढंच वजन वर असतं. आसपास माणसाचा वावर बंद करतात, अंधारात टिपणारा कॅमेरा झाडाला किंवा खुंटीला बांधतात आणि सगळे लांब जाऊन बसतात.

मादी आधी लांबून येते, थांबते, परत फिरते. मग क्रेटभोवती फेरी मारते आणि तो पंजाने पालथा करते. एका पिल्लाला मानेला धरून उचलते आणि दिसेनाशी होते. थोड्या वेळाने दुसऱ्यासाठी परत येते. काही वेळा पहिल्या रात्री ती येतच नाही, पिल्लांना परत आणून दूध पाजून दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा ठेवावं लागतं. जुन्नर आणि आसपासच्या तालुक्यांत अशी डझनावारी पिल्लं आईकडे गेली आहेत. त्यातलं प्रत्येक पिल्लू म्हणजे माणिकडोहच्या आवारात न आलेला एक बिबट्या आणि शिवारात न चवताळलेली एक मादी.

हे जमतं ते टोळीतल्या माणसांच्या सहकार्याने. पिल्लं दिसल्याबरोबर हात न लावणं, तोडणी थांबवणं, म्हणजे त्या दिवसाच्या खेपेवर पाणी सोडणं. आणि ऊसतोडीचा दाम टनावर असतो. तरीही तोडकरी कळवतात, कारण रात्री त्याच फडाच्या कडेला त्यांचीच लेकरं झोपायची असतात. दर हंगामात कारखान्यांवर आणि तळांवर वनखात्याची माणसं फिरून त्यांना काय करायचं ते सांगतात. उत्तर पुणे जिल्ह्यातली ही शिकवण घेऊन मराठवाड्यातली माणसं उन्हाळ्यात गावी परततात, हा या सगळ्या खटाटोपाचा न मोजलेला फायदा आहे.

उसातला बिबट्या कसा राहतो, याची अधिक पक्की माहितीही याच पट्ट्यातून आली. अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून शेतीच्या खोऱ्यातले बिबटे मोजले. १०० चौरस किलोमीटरमागे जवळपास ५ प्रौढ बिबटे भरले, आणि त्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा निघाला. एवढे बिबटे माणसांच्या इतक्या दाट वस्तीत राहत होते, आणि अभ्यासाच्या काळात माणूस एकही मेला नव्हता. ज्या भागात पकडापकडी नाही तिथे दोन्ही बाजू एकमेकांना सरावतात, असं त्यातून दिसलं.

२००९ मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या एका वयस्क नराची गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे. गळ्यात माग दाखवणारा पट्टा बांधून त्याला माळशेज घाटाजवळ सोडण्यात आलं आणि तो थेट मुंबईच्या दिशेने निघाला. हमरस्ते, रेल्वेमार्ग आणि खाडी ओलांडत जवळपास १२० किलोमीटर चालून तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला. वाटेत त्याने एकाही माणसाला ओरबाडलं नाही. त्याचं नाव आजोबा पडलं. २०११ च्या अखेरीला तो महामार्गावर गाडीखाली सापडून गेला, आणि २०१४ साली सुजय डहाके यांनी त्याच्यावर चित्रपट काढला. पण त्या प्रवासातला मुद्दा चित्रपटापेक्षा मोठा होता. आपण ज्याला जंगलात नेऊन सोडतो, तो तिथे थांबत नाही.

२०११ साली केंद्र सरकारने बिबट्या-मानव संघर्षासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात ऊठसूट पकडून दूर सोडण्याला आळा घालण्यावर भर होता. जुन्नरने मोजलेली किंमत त्यामागे होती. तरीही कागदावरचं शहाणपण दर हल्ल्यानंतर पणाला लागतं. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात काही दिवसांच्या अंतराने माणसं दगावली. लोक पुन्हा महामार्गावर उतरले. ज्यांच्या घरातलं मूल गेलं, त्यांच्यापुढे संशोधनाचे आकडे वाचून दाखवणं निर्दयपणाचं ठरेल. माद्यांची नसबंदी, बिबट्यांची इतर राज्यांत रवानगी, आणखी निवारा केंद्रं, असे उपाय तेव्हापासून जोरात चर्चेला आहेत. काहींची गरज खरोखरच असेल. पण केंद्रं कितीही वाढवली तरी उसातल्या बिबट्यांना पुरतील एवढी होणार नाहीत. २०२२ च्या अंदाजानुसार महाराष्ट्रात १,९८५ बिबटे होते, आणि अशा गणनांचा भर जंगलावर असतो; फडातले बिबटे त्यात पुरते येत नाहीत.

आफ्रिकेतली गोरिला केंद्रंही याच वळणावर आली. ब्राझाव्हिलच्या गोरिलांना १९९६ पासून लेसिओ-लुना या राखीव जंगलात सोडण्याचा प्रयोग झाला, कारण तिथे त्यांच्यासाठी मोकळी जागा होती. बाकीच्या केंद्रांना मात्र उमगलं की शिकार थांबली नाही तर अनाथ पिल्लं येतच राहणार. म्हणून त्यांनी आपली माणसं शाळांत, बाजारांत आणि शिकाऱ्यांच्या गावांत धाडली. बहुतेक कर्मचारी त्याच गावांतले होते आणि गोरिलांचा सांभाळ हा त्यांचा रोजगार झाला होता, त्यामुळे त्यांचं म्हणणं ऐकलं गेलं. माणिकडोहच्या आसपास वनखात्याने गावातल्या तरुणांची प्राथमिक प्रतिसाद पथकं बांधली, ती याच जातीची. बिबट्या दिसला की गर्दी हटवणं, विहिरीवरची माणसं मागे घेणं, वनरक्षक येईतो कोणाला दगड उचलू न देणं, एवढंच त्यांचं काम. पण गर्दी आवरली तर निम्मे अपघात टळतात, हे कोणीही वनरक्षक सांगेल. विहिरीत पोहून दमलेल्या बिबट्याला आधी दोरांनी बाज सोडतात. तो तिच्यावर चढून बसला की मग पिंजरा उतरवतात. वरती पाचशे माणसं मोबाइल धरून ओरडत असतील तर तो पिंजऱ्यात शिरण्याऐवजी भिंतीवर झेपा घेतो.

मराठवाड्याने आत्ता हे वाचण्याचं कारण आहे. नांदेडच्या किनवट-माहूरच्या जंगलात बिबट्या पूर्वीपासून आहे. गोदावरी आणि मांजरा यांच्या काठांवर ऊस वाढला आहे, लातूर जिल्ह्यात साखर कारखानेही उभे राहिले आहेत. पाणी, ऊस, मोकाट कुत्री आणि कठडे नसलेल्या विहिरी, म्हणजे जुन्नरला जे जमून आलं ते सगळं इथेही आहे. बिबट्या अधूनमधून दिसल्याच्या बातम्या येतात आणि पहिली मागणी पिंजऱ्याचीच होते.

माणसावर चाल करून येणारा बिबट्या पकडावाच लागतो, त्यात दुमत नाही. पण नुसता दिसलेला, शेळी नेलेला, उसात पिल्लं घातलेला बिबट्या पकडायचा की नाही, हा निर्णय जुन्नरला २००१ साली घाईने घ्यावा लागला आणि तो महागात पडला. लातूर-नांदेडला तो सवडीने घेता येण्यासारखा आहे. त्यासाठी मोठं केंद्र बांधण्याच्या आधी करण्याजोगी कामं बरीच आहेत. प्रत्येक तालुक्यात भूल देऊ शकणारा एक पशुवैद्य हाताशी असावा. कारखान्याच्या तळावर दोन क्रेट आणि एक कॅमेरा ठेवलेला असावा. शेतीपंपाला दिवसा वीज मिळावी, विहिरींना कठडे बांधावेत, कोप्यांना निदान दार आणि उजेड असावा. आणि जुन्नरच्या फडांत पिल्लांना हात न लावता मागे सरायला शिकलेल्या आपल्याच तोडकऱ्यांना, गावी परत आल्यावर, ग्रामसभेत उभं करून बोलायला सांगावं. बाहेरून तज्ज्ञ येतीलच. पण हे शिक्षण घेतलेली माणसं लातूर-नांदेडच्या गावांत आधीच राहतात.